लायब्रेरियन व्हावं की लायब्ररी सायन्स शिकवावं? दोन्ही केलंय म्हणून सांगते

तुझा प्रश्न असा की बी.लिब., म्हणजे ग्रंथालयशास्त्राची पदवी, झालंय, त्यातलंच पदव्युत्तर एम.लिब.चं शेवटचं सेमिस्टर चालू आहे, आता कॉलेजात ग्रंथपाल म्हणून जावं की नेट (शिक्षकपदासाठीची पात्रता परीक्षा) आणि पीएचडी करून विद्यापीठाच्या विभागात शिकवायला जावं, आणि त्यात घरचे म्हणतायत की सगळं मोबाइलवर मिळतं, मग लायब्ररीत जाऊन काय करणार. तू माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची आहेस म्हणून तूच म्हणते. मी तालुक्याच्या गावी एका अनुदानित कॉलेजात १९९२ ते २०२३ ग्रंथपाल होते, त्यातली वीसेक वर्षं दर रविवारी अभ्यासकेंद्रावर बी.लिब.च्या मुलांना शिकवलं, आणि रिटायर झाल्यावर विद्यापीठाच्या विभागात तासिका घेते. म्हणजे दोन्हीकडचं पाणी प्यायलेय.

माझं मत आधीच सांगून टाकते. शिकवायला जरूर जा, पण आधी चार-पाच वर्षं काउंटरला उभी राहा. आणि काउंटर मिळालं की शिकवणं सोडू नकोस, रविवारचे वर्ग का असेनात, घे. ही दोन वेगळी करिअर आहेत असं आपल्याकडे धरलं जातं आणि त्यानेच आपल्या विषयाचं नुकसान झालंय असं माझं ठाम मत आहे. विभागात असे शिक्षक असतात ज्यांनी आयुष्यात एक पुस्तक इश्यू केलेलं नाही, आणि कॉलेजात असे ग्रंथपाल असतात ज्यांनी एम.लिब. झाल्यावर एक नवीन गोष्ट वाचलेली नाही. तसं का म्हणते ते एका प्रसंगावरून सांगते.

२००१-०२ सालची गोष्ट असेल. बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा काउंटरला आला, म्हणाला पाण्यावरचं पुस्तक आहे का. आमच्या अटेंडंटने त्याला पर्यावरणाच्या रॅककडे पाठवलं, अर्धा तास तो तिथे पुस्तकं काढून चाळत होता, मग गेला. दुसऱ्या दिवशी परत तोच मुलगा आणि परत तेच वाक्य. मी त्याला आत बोलावून बसवलं, विचारलं प्रोजेक्ट आहे का. नाही म्हणाला. मग कशासाठी हवंय? सांगेचना. लायब्ररीत घरचं कशाला सांगायचं असं वाटत असणार त्याला. चहा मागवला, गाव कुठलं, घरी शेती काय आहे असं विचारत गेले तेव्हा हळूहळू कळलं की वडिलांनी नवीन बोअर मारलंय, त्याचं पाणी द्राक्षाला द्यायला लागल्यापासून पानांच्या कडा करपतायत, दुकानदार औषध बदला म्हणतोय आणि ह्याला शंका आहे की गडबड पाण्यातच आहे. म्हणजे त्याला हवं होतं सिंचनाच्या पाण्याची प्रत कशी तपासतात ते, क्षार किती चालतात, सोडियम किती चालतं ते. ते पाण्याच्या रॅकवर नव्हतंच, मृदाशास्त्राच्या एका पाठ्यपुस्तकात एक प्रकरण होतं तेवढंच. ते काढून दिलं, त्यातलं कोष्टक दोघांनी मिळून वाचलं, आणि कृषी विज्ञान केंद्राला फोन करून नमुना कसा भरायचा, बाटली कशाने धुवायची हे विचारून कागदावर लिहून दिलं. तीन आठवड्यांनी तो रिपोर्ट घेऊन आला, क्षार बरेच निघाले होते, मग ते विहिरीचं पाणी मिसळून द्यायला लागले. त्यानंतर तो मुलगा फायनल इयर होईपर्यंत रोज वाचनकक्षात बसायचा.

आता हीच गोष्ट वर्गात कशी उपयोगी पडते बघ. दशांश वर्गीकरण, म्हणजे विषयाप्रमाणे पुस्तकांना नंबर द्यायची ड्यूईची पद्धत, शिकवताना मी फळ्यावर फक्त 'पाणी' एवढं लिहायचे आणि मुलांना नंबर काढायला सांगायचे. कुणी ५५१.४८ काढायचं, जलविज्ञान. कुणी ६२८.१, पाणीपुरवठा. अर्थशास्त्राची मुलं ३३३.९१ वर जायची, केमिस्ट्रीवाली ५४६.२२ वर, आणि शेतकऱ्याच्या घरातलं एखादं पोर बरोब्बर ६३१.५८७ सिंचनावर. सगळे बरोबर. मग त्यांना कळायचं की ड्यूईच्या पद्धतीत वस्तू एका जागी नसते, ती ज्या विद्याशाखेतून बघाल तिथे असते, आणि म्हणून एक विषय कुठल्या कुठल्या नंबरांवर आहे ते दाखवणारा रिलेटिव्ह इंडेक्स असतो, आणि म्हणूनच वाचक 'पाणी' म्हणाला की नंबर सांगून मोकळं व्हायचं नसतं, कुठल्या बाजूने पाणी ते विचारायचं असतं. पुस्तकात ह्याला रेफरन्स इंटरव्ह्यू म्हणतात आणि परीक्षेत त्यावर ५ मार्कांची टीप येते. टीप पाठ करून ती कला येत नाही. तो मुलगा समोर बसलेला असतो, मागे दहा जणांची रांग असते, आणि तुला दोन मिनिटांत ठरवायचं असतं की ह्याला थांबवून घ्यायचं का. हे ज्याने केलेलं नाही त्याने वर्गात ते शिकवलं की मुलांच्या डोळ्यांत दिसतं, काही पोचत नाहीये ते.

भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन, त्यांचं नाव तू पहिल्या दिवसापासून ऐकतेयस, १२ ऑगस्टला, ग्रंथपाल दिनाला, फोटोला हार घालतो आपण, पण त्यांचं करिअर नीट बघ एकदा. ते मुळात मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवायचे. जानेवारी १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल झाले, ग्रंथालयशास्त्राचं शिक्षण काहीही नसताना, आणि थोड्याच दिवसांत इतके कंटाळले की मला परत शिकवायला घ्या म्हणून कॉलेजच्या प्रिन्सिपॉलकडे गेले. आधी इंग्लंडला जाऊन शिकून ये, आल्यावरही तेच मत असेल तर बघू, असं त्यांना सांगितलं गेलं. लंडनला युनिव्हर्सिटी कॉलेजात सेयर्स यांच्याकडे शिकले, तिथल्या लायब्ररी फिरून बघितल्या, लहान गावातलीसुद्धा, कामगार तिथे बसून वाचताना बघितले, आणि माणूस बदलूनच आला. पुढे २० वर्षं तीच खुर्ची. पण त्याहून महत्त्वाचं हे की १९२८ ला मद्रास लायब्ररी असोसिएशन निघाली आणि १९२९ ला ह्यांनी ग्रंथालयशास्त्राचा उन्हाळी वर्ग सुरू केला, दोन वर्षांनी तो विद्यापीठाने घेतला. म्हणजे स्वतः पाचच वर्षांचे ग्रंथपाल आणि शिकवायला लागले, लायब्ररी चालवता चालवता. पंचसूत्री, म्हणजे त्यांची ग्रंथालयाची पाच सूत्रं, आली १९३१ ला, द्विबिंदू वर्गीकरण ही त्यांची स्वतःची वर्गीकरणाची पद्धत १९३३ ला. हे दोन्ही विभागात बसून लिहिलेलं नाही, चालू लायब्ररीत लिहिलंय, आणि समोर वर्गात ते समजून घेणारी मुलं होती. बनारस, दिल्ली आणि १९६२ चं बंगलोरचं डीआरटीसी हे ग्रंथालयशास्त्राचं प्रशिक्षण केंद्र, हे सगळं नंतरचं. साठवलेले १ लाख रुपये त्यांनी मद्रास विद्यापीठाला ह्या विषयाच्या अध्यासनासाठी दिले, पत्नीच्या, शारदाबाईंच्या नावाने. मी दरवर्षी पहिल्या तासाला हे सांगते.

आणि आपल्याकडचं आणखी एक, ग्रंथालयाचं प्रशिक्षण भारतात पहिल्यांदा सुरू झालं ते बडोद्याला. सयाजीराव महाराजांनी १९१० ला अमेरिकेहून बोर्डेन यांना बोलावून घेतलं, आणि त्यांनी १९११ ला वर्ग काढला. तिथेही वर्ग निघाला तो संस्थानभर लायब्ररी उभ्या करायच्या होत्या आणि त्या चालवायला माणसं हवी होती म्हणून. काम आधी आणि त्यातून वर्ग, हा क्रम तेव्हा कुणाला समजावून सांगावा लागत नव्हता.

आता व्यवहाराचं बोलू, कारण घरच्यांना तेच हवंय. कॉलेज ग्रंथपालाला यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे एम.लिब.ला ५५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना ५ टक्क्यांची सूट आहे, आणि नेट किंवा सेट (राज्याची तशीच परीक्षा) किंवा नियमाप्रमाणे केलेली पीएचडी. पद शिक्षकांच्या बरोबरीचं, अ‍ॅकॅडमिक लेव्हल १०, सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये. असिस्टंट प्रोफेसरचंही तेवढंच. त्यामुळे पगार बघून दोन्हीत निवड करायची गरजच नाही. पुढच्या लेव्हलला जायला पीएचडी असेल तर ४ वर्षं, नुसतं एम.लिब. असेल तर ६. विद्यापीठाचं डेप्युटी लायब्रेरियन, मग लायब्रेरियन अशी वरची शिडी आहे, लायब्रेरियन लेव्हल १४ ला असतो आणि त्याला १० वर्षांचा अनुभव लागतो. हा अनुभव लायब्ररीतला चालतो, ग्रंथालयशास्त्र शिकवण्याचाही चालतो आणि कॉलेज ग्रंथपाल म्हणून केलेलाही चालतो. बघ, यूजीसीनेच दोन्ही वाटा एका दारात आणून ठेवल्यात.

सेट पुणे विद्यापीठ घेतं, महाराष्ट्र आणि गोवा दोन्हींसाठी. पहिला पेपर ५० प्रश्न १०० मार्क, दुसरा १०० प्रश्न २०० मार्क, निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणून एकही प्रश्न सोडायचा नाही. पहिला पेपर हलका घेऊ नकोस, आपल्या विषयाची हुशार मुलं तिथेच अडकताना मी बघितलीत.

हे झालं कागदावरचं. जागांचं खरं सांगायचं तर भरती वर्षानुवर्षं थांबते, रिटायर झालेल्या ग्रंथपालाच्या जागी क्लार्कला चार्ज दिला जातो, विभागांमध्ये तर मंजूर पदंच हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आणि त्यातली अर्धी तासिका तत्त्वावर. विनाअनुदानितमध्ये पगार किती हे संस्थेवर आहे. मी १९८९ ते ९२ एका विनाअनुदानित संस्थेत होते, तिथे सही एका आकड्यावर करायची आणि हातात त्याच्या निम्मे मिळायचे, तक्रार कुठे करायची तेही माहीत नव्हतं, आणि लग्न झालेलं असल्यामुळे घरी सांगायची लाज वाटायची. आज माझ्या विद्यार्थिनींना मी सांगते, अशी सही करायला लावली तर त्या दिवशीच घरी बोला, एकटीने गिळून बसू नका. आणि ऑर्डर, वर्कलोड, पगाराची बँकेची एन्ट्री हे सगळे कागद पहिल्या महिन्यापासून जपून ठेवा, कारण अनुभव मोजायची वेळ येते तेव्हा तेच लागतात. तुला तयारी ठेवावी लागेल की पक्की नोकरी लागेपर्यंत चार-सहा वर्षं जाऊ शकतात. त्या काळात केंद्रीय विद्यालयं, शाळा, इंजिनिअरिंग-फार्मसी कॉलेजं, संशोधन संस्था, वकिलांच्या मोठ्या फर्म, ह्या सगळ्या जागा बघ. कुठल्याही लायब्ररीत काढलेलं वर्ष फुकट जात नाही.

नोकरी लागल्यावरची एक भीती सगळ्यांना असते पण कोर्समध्ये त्यावर कुणी बोलत नाही, ती म्हणजे हरवलेली पुस्तकं. नवीन ग्रंथपाल रुजू होतो, चार्ज घेताना ४० हजार पुस्तकांच्या यादीवर सही करतो, आणि मग पगारातून वसुली होईल ह्या धाकाने कपाटांना कुलपं लावतो. मुलांना आत सोडत नाही, मागेल ते खिडकीतून देतो. पंचसूत्रीतलं पहिलं सूत्र, ग्रंथ उपयोगासाठी आहेत, ते पहिल्याच महिन्यात गेलं. मी स्वतः सुरुवातीची दोन वर्षं असंच केलं आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण त्या दोन वर्षांत पास झालेल्या मुलांनी ग्रंथालय म्हणजे जाळीची खिडकी एवढंच बघितलं. नंतर एका जुन्या सरांनी मला केंद्र सरकारचे सामान्य वित्तीय नियम वाचायला दिले. आजच्या २०१७ च्या आवृत्तीत नियम २१५ आहे तो काढून वाच. वर्षभरात इश्यू झालेल्या किंवा वाचायला घेतलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच हरवली तर ते वाजवी धरायचं, अप्रामाणिकपणा किंवा निष्काळजीपणा नसेल तर. हजार रुपयांच्या वरचं पुस्तक किंवा दुर्मिळ पुस्तक गेलं तर मात्र चौकशी करायचीच. मोजणीचंही त्यात आहे, २० हजारांपर्यंत पुस्तकं असतील तर दरवर्षी पूर्ण मोजणी, ५० हजारांपर्यंत तीन वर्षांतून निदान एकदा, त्यावर असेल तर तीन वर्षांच्या आत नमुना मोजणी, आणि नमुन्यात गडबड दिसली तर मग पूर्ण. नियम केंद्राचा असला तरी ग्रंथालय समितीपुढे ठेवायला ह्याच्याइतका भक्कम कागद नाही. मी तो ठेवला, ठराव करून घेतला, आणि मगच रॅक उघडे केले. पहिल्या वर्षी थोडी जास्त गेली. मग कमी होत गेली. आणि इश्यू इतके वाढले की दुपारच्या वेळी एकाच्या जागी दोन माणसं काउंटरला बसवावी लागली. तेव्हा एम.लिब.ला असताना मॅनेजमेंटचा पेपर कंटाळवाणा वाटत असेल तर लक्षात ठेव, कुलूप काढायचं की नाही ते त्याच पेपरातून ठरतं.

आता कॅटलॉगिंग, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी करणं. तुझ्या वयाच्या मुलांना वाटतं की कोहा हे लायब्ररीचं सॉफ्टवेअर आलं, डेटा कुठून तरी डाउनलोड होतो, कॅटलॉगिंग संपलं. इंग्रजी पुस्तकांचं बऱ्यापैकी तसं आहेही, कॉम्प्युटरला वाचता येणाऱ्या तयार नोंदी, मार्क रेकॉर्ड, मिळतात. मराठी पुस्तकाचं तसं नाही गं. मराठी पुस्तक हातात आलं की बहुतेक वेळा त्याची नोंद करणारी तूच पहिली असतेस.

वर्गात मी राम गणेश गडकऱ्यांची पुस्तकं आणायचे. नाटकं गडकरी ह्या नावाने, कविता गोविंदाग्रज, विनोदी लेखन बाळकराम. सांगा, मुख्य नोंद कशाखाली? अर्धा वर्ग म्हणतो सगळं गडकरी, राम गणेश खाली घ्या आणि बाकीच्यांवरून 'पाहा' नोंद द्या, म्हणजे वाचकाला सगळं एकत्र मिळेल. उरलेला अर्धा म्हणतो वाचक गोविंदाग्रजांच्या कविता मागतो, गडकऱ्यांच्या नाही मागत, मग त्याला त्याच नावाखाली द्या आणि एकमेकांना 'हेही पाहा' जोडा. एएसीआर-२ ह्या कॅटलॉगिंगच्या नियमावलीत वेगवेगळ्या साहित्यिक ओळखी स्वतंत्र ठेवायला वाव आहे, त्यामुळे दुसऱ्या बाजूकडेही नियम असतो. तास संपला तरी भांडण संपायचं नाही, मुलं जिन्यात वाद घालत उतरायची. कुसुमाग्रज आणि शिरवाडकर तेच, केशवसुत आणि दामले, ग्रेस आणि गोडघाटे. मराठी साहित्यात टोपणनावांची इतकी समृद्धी आहे की अथॉरिटी कंट्रोल, म्हणजे लेखकांची नावं ठरलेल्या रूपात ठेवून एकमेकांना जोडणं, शिकायला आपल्यासारखी भाषा नाही, आणि तरी आपण इंग्रजी लेखकांची उदाहरणं घेऊन शिकवतो, ह्याचं मला फार वाईट वाटतं.

दुसरं उदाहरण अगदी बारीक आहे पण ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. आम्ही २०१४ ला कोहावर गेलो. आधीचा मराठी डेटा जुन्या फॉन्टमधला होता, तो कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणला, आणि नवीन पुस्तकं मुली थेट टाइप करायच्या. काही महिन्यांनी मराठीच्या सरांनी येऊन सांगितलं की 'वऱ्हाड' शोधलं तर चारच पुस्तकं दिसतायत, रॅकवर तर खूप आहेत. आम्ही दोन दिवस डोकं फोडलं. स्क्रीनवर शब्द तोच, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. शेवटी कळलं की तो जो अर्धा ऱ् आहे ना, तो टाइप करायच्या दोन पद्धती आहेत, एक नुक्त्याच्या ऱ चा पाय मोडून आणि एक साधा र, हलंत आणि मध्ये न दिसणारं जोडचिन्ह घालून. दिसायला सारखंच, कॉम्प्युटरला मात्र दोन वेगळे शब्द. कन्व्हर्टरने एक वापरली होती आणि मुलींच्या कीबोर्डने दुसरी. 'अ‍ॅ' चंही तसंच निघालं. सुट्टीत बसून सगळा डेटा एकसारखा केला आणि टाइप करण्याचा एक नियम लिहून कॉम्प्युटरवर चिकटवला. तोपर्यंत कित्येक वाचक 'नाही आहे' असं समजून परत गेले असतील, आणि पुस्तक तिथे दहा पावलांवर होतं. हे कुठल्याही इंग्रजी पाठ्यपुस्तकात सापडणार नाही, ते मराठी लायब्ररीत काम करणाऱ्यानेच लिहायचं आणि शिकवायचं. तुला पीएचडीला विषय हवा असेल तर इथे पडलेत, 'अमुक तालुक्यातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या वाचनसवयींचा अभ्यास' हा पाचशेवा प्रबंध कृपा करून लिहू नकोस. शोधगंगावर, पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यावर, जाऊन आधी काय काय झालंय ते बघ म्हणजे कळेल मी का म्हणतेय.

घरच्यांचा प्रश्न, सगळं मोबाइलवर मिळतं. मागच्या वर्षी विभागात एक संशोधक मुलगी माझ्याकडे १२ संदर्भांची यादी घेऊन आली, हे लेख मिळत नाहीयेत मॅडम, मागवून देता का. यादी बघायला सुरेख. लेखकांची नावं ओळखीची, जर्नलं खरी, खंड, अंक, पानं सगळं नीट. आम्ही दोघी दुपारभर बसलो, एकेक जर्नल उघडून त्या खंडाची अनुक्रमणिका काढली. त्या पानांवर दुसरेच लेख. डीओआय, म्हणजे लेखाचा ऑनलाइन ओळख क्रमांक, टाकला तर एक तर उघडतच नाही किंवा भलत्याच विषयावर जातो. बारापैकी एकही लेख अस्तित्वात नव्हता. तिने एआयला विचारून यादी घेतली होती आणि तिला खरंच माहीत नव्हतं की ते असं रचून देऊ शकतं. तिला ओरडायचं काही कारण नव्हतं, तिला कुणी सांगितलंच नव्हतं. त्या दुपारी तिला डेटाबेसमध्ये शोध कसा घ्यायचा, एका खऱ्या लेखाच्या संदर्भसूचीवरून मागे कसं जायचं आणि त्याला पुढे कुणी उद्धृत केलंय ते कसं बघायचं हे शिकवलं. संध्याकाळपर्यंत तिच्याकडे सात खरे लेख होते. घरच्यांना ही गोष्ट सांग.

आणि मिळतं म्हणजे फुकट मिळतं असंही नाही. वन नेशन वन सबस्क्रिप्शन, म्हणजे देशभरासाठी एकत्र जर्नलं घ्यायची योजना, तिला केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशकांची जवळपास १३ हजार जर्नलं. जानेवारी २०२५ पासून सरकारी उच्चशिक्षण संस्थांतल्या मुलांना ती उघडी झाली. आता ज्या कॉलेजात ह्या योजनेचं लॉगिन आलंय तिथे जाऊन मुलांना विचार, किती जणांनी वापरलं. जिथे ग्रंथपाल आहे आणि त्याने वर्गावर्गात जाऊन दाखवलंय तिथे वापर आहे, जिथे जागा रिकामी आहे तिथे तो पासवर्ड कुणाच्या तरी ईमेलमध्ये पडून आहे. रंगनाथनांचं तिसरं सूत्र, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक, ते १३ हजार जर्नलांनाही लागू आहे की.

शिकवण्याबद्दल थोडं. रविवारचे वर्ग म्हणजे समोर कोण असतं माहितीये? गावच्या सार्वजनिक वाचनालयात तुटपुंज्या मानधनावर काम करणारी माणसं, शाळेतले क्लार्क, दोन मुलं सासूकडे ठेवून आलेल्या बायका. त्यांच्यातले पन्नाशीचे एक काका, वाचनालयात २२ वर्षं पुस्तकं देत होते, त्यांना गावातल्या प्रत्येक वाचकाची आवड पाठ, पण वर्गीकरणाचं नाव काढलं की घाम फुटायचा. त्यांच्याकडून मी शिकले की कुठल्या बाईला पुढचं कुठलं पुस्तक द्यायचं हे तिने परत केलेल्या पुस्तकात खूण कुठे राहिलीये त्यावरून कसं ओळखायचं. मधेच राहिली असेल तर त्या लेखकाचं दुसरं द्यायचं नाही. मी त्यांना दशांश वर्गीकरण शिकवलं, त्यांनी मला हे. द्विबिंदू वर्गीकरणातली पीएमईएसटीची सूत्रं फळ्यावर लिहिताना अशी माणसं समोर आहेत हे विसरायचं नाही, त्यांना आधी त्यांच्याच वाचनालयातलं पुस्तक द्यायचं आणि मग सूत्र.

विभागात गेलीस तर तुझ्यावर पेपर छापायचा, पॉइंट जमवायचा दबाव येईल, तो येतोच. नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, वेळी कॉलेजातही फायलींचा डोंगर असतो, त्यात ग्रंथालयही येतं, आणि सहा-सहा महिने ग्रंथपाल फक्त फोटो आणि पुरावे गोळा करत बसतो. दोन्हीकडे कागद आहे. तू रोज एक तास तरी वाचकासमोर राहशील असं स्वतःसाठी ठरवून घे, मी दुपारी १२ ते १ ची वेळ धरली होती आणि प्रिन्सिपॉलची मीटिंग असली तरी सांगून यायचे.

आता लगेच काय करायचं ते. घरच्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून कोहा बसव, अडेल, तीनदा बिघडेल, बिघडू दे. घरातली आणि शेजारची मिळून ५० मराठी पुस्तकं त्यात स्वतः नोंदव, ०८२ (वर्गांक) पासून २४५ (शीर्षक) पर्यंत एकही रकाना कुठून उचलून न आणता, लेखकांच्या अथॉरिटी नोंदींसकट. मराठी साहित्याचा ८९१.४६ पाठ असेलच तुला, पण शेतीवरचं, आजारावरचं, गावाच्या इतिहासावरचं मराठी पुस्तक घे, तिथे कस लागतो. सेटचा फॉर्म सुटला की भर, पहिल्या पेपरचा अभ्यास आजपासून. आणि मे महिन्यात जवळच्या एखाद्या कॉलेजात स्टॉक व्हेरिफिकेशन, पुस्तकांची मोजणी, चालू असेल, तिथल्या ग्रंथपालांना जाऊन भेट, म्हण मला पंधरा दिवस हाताखाली घ्या, पैसे नकोत. एक जण दाखलनोंद रजिस्टर धरतो आणि एक जण रॅकवरून नंबर वाचतो, तू नंबर वाचायचं काम माग. सुती ओढणी तोंडाला बांध, धूळ फार असते. आणि 'नाही' अशी खूण पडलेल्या पुस्तकांची यादी झाली की ती घेऊन शेवटच्या दिवशी रॅकच्या मागच्या फटीत, वरच्या फळीवर पुस्तकांच्या पाठीमागे आणि बाइंडिंगच्या गठ्ठ्यात हात घालून बघ.